दीड तासात चेंडू किती वेळा हाताला लागला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक बाबा न्यू जर्सीत राहतात, मुलगा ९ वर्षांचा, लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉलची संस्था) मायनर्स डिव्हिजन या लहान वयोगटात. कोच मिळेना म्हणून लीगने त्यांनाच उभं केलं. स्वतः लहानपणापासून क्रिकेट खेळलेले, बेसबॉल फक्त टीव्हीवर पाहिलेला. टीममध्ये १२ मुलं, आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास मैदान मिळतं. ते लिहितात, "पहिली वीस मिनिटं बरी जातात. मग कुणी गवत उपटतं, कुणी ग्लोव्ह डोक्यावर घालून फिरतं, दोघं भांडतात, एक रडतो. मला ओरडायचं नाहीये. प्रॅक्टिस आखायची कशी?"

मी जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळले. इथे आल्यावर मुलगी सहा वर्षांची असताना तिच्या टी-बॉलच्या (खांबावर ठेवलेला चेंडू मारायचा लहानांचा बेसबॉल) टीमला मदत करायला गेले आणि आता अकरा सीझन झाले, मैदानावरच आहे. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलांवरचा राग काढून टाका. ओरडायचं नाही हे तुमचं बरोबरच आहे, कारण तुम्ही वर्णन केलेली मुलं बेशिस्त वाटत नाहीत, रिकामी वाटतात. नऊ वर्षांच्या पोराला रांगेत सहावा उभा केला की तो गवत उपटणारच.

माझ्या तिसऱ्या सीझनची गोष्ट. मी मधे उभी राहून चेंडू टाकायचे, एक मूल बॅटिंग करायचं, बाकीची सगळी मैदानभर पसरलेली. सगळीकडे असंच चालतं, म्हणून मीही तसंच करत होते. एका संध्याकाळी एका मुलाच्या आजोबांना मी सहज म्हटलं, काका, जरा एका मुलावर लक्ष ठेवून मोजाल का, त्याला चेंडू किती वेळा मिळतो? त्यांनी राइट फिल्डमधला (मैदानाच्या मागच्या उजव्या भागातला) एक शांत मुलगा निवडला आणि किराणा सामानाच्या यादीच्या पाठीमागे रेघा मारत बसले. तासाभराने कागद माझ्या हातात दिला. चेंडू हाताला लागला चार वेळा. बॅट फिरवायला मिळाली आठ वेळा. तो मुलगा तासभर उन्हात उभा होता आणि मी घरी जाताना त्याच्या आईला म्हणाले होते, "छान झाली आज प्रॅक्टिस." तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

तेव्हापासून मी प्रॅक्टिस एकाच मापाने मोजते. प्रत्येक मुलाच्या हाताला चेंडू किती वेळा लागला आणि प्रत्येकाने बॅट किती वेळा फिरवली? दोन मुलं समोरासमोर उभी करून नुसतं थ्रो-कॅच करायला लावलं, तरी दहा मिनिटांत प्रत्येकाचे पन्नास-साठ कॅच होतात. त्या शांत मुलाला तासाभरात मिळाले होते चार. खालचं सगळं या फरकातूनच निघालंय.

आता शिकवायचं काय ते ठरवू. तुम्ही टीव्हीवर मोठ्यांचा खेळ पाहिलाय, तिथे डबल प्ले (एका चेंडूवर दोघं बाद) होतात, कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) धावताना गाठायच्या चार ठिकाणांतल्या दुसऱ्या बेसवर गोळीसारखा थ्रो करतो. नऊ वर्षांच्या मुलांच्या मॅचमध्ये यातलं जवळपास काहीच होत नाही. धावा होतात त्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार चेंडू बाहेर टाकल्यावर फुकट मिळालेल्या पहिल्या बेसमुळे, म्हणजे वॉकमुळे, कॅचरच्या मागे निसटलेल्या चेंडूमुळे आणि फर्स्ट बेसवर उभ्या मुलाच्या डोक्यावरून कुंपणापर्यंत गेलेल्या थ्रोमुळे. म्हणजे ज्या टीमची मुलं बऱ्यापैकी झेलतात, बऱ्यापैकी फेकतात आणि ज्यांच्यातले चार-पाच जण चेंडू होम प्लेटवरून (बॅटरजवळच्या पाटीवरून) नेऊ शकतात, ती टीम जिंकते. प्रॅक्टिसचा निम्मा वेळ झेलण्या-फेकण्यालाच द्या. मे महिन्यातसुद्धा. हे सुरुवातीला करून संपवायचं प्रकरण नाही.

अंतरंही डोक्यात बसवून घ्या, तुम्हाला क्रिकेटमुळे सोपं जाईल. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. तुमच्या मैदानावर एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ६० फूट, म्हणजे खेळपट्टीपेक्षा थोडं कमीच. पिचर ४६ फुटांवरून टाकतो. पण होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंतचा तिरका थ्रो जवळजवळ ८५ फुटांचा होतो आणि नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांच्या खांद्यात तेवढं बळ नसतं. त्याला "एक टप्पा चालेल" असं मोकळेपणाने सांगा. नाहीतर तो चेंडू आकाशात भिरकावतो आणि खांदा दुखवून घेतो.

दीड तास मी कसा वापरते ते आता सांगते.

मुलं एकदम येत नाहीत. कुणी वेळेच्या पंधरा मिनिटं आधी, कुणी दहा मिनिटं उशिरा. जो येईल त्याच्यासाठी काम तयार हवं. मी कुंपणाजवळ दोन टी (चेंडू ठेवायचे खांब) मांडून ठेवते, शेजारी प्लास्टिकच्या व्हिफल बॉलची बादली. आलं, पाणी प्यायलं, हेल्मेट घातलं, दहा चेंडू कुंपणात मारले, गोळा केले, पुढच्याला टी दिली. यात मला बोलावंच लागत नाही आणि वेळेवर येणाऱ्याला जास्त बॅटिंग मिळते हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं. उशिरा येणाऱ्या मुलाला मात्र काही बोलू नका, गाडी तो चालवत नाही.

मग सात-आठ मिनिटं अंग मोकळं करणं. मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. बेसवरच धावू द्या. होमवरून फर्स्टपर्यंत सरळ, बेस ओलांडून पुढे. मग फर्स्टवरून थर्डपर्यंत, कोपरा घेताना आतल्या कडेला पाय. धावण्याचा व्यायामही होतो आणि बेस रनिंगसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. तुमच्या डिव्हिजनमध्ये चेंडू बॅट्समनपर्यंत पोचेपर्यंत धावणाऱ्याने बेस सोडायचा नसतो, हे याच वेळी बेसवर पाय ठेवून घोटून घ्या.

त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं थ्रो-कॅच. इथे बहुतेक नवीन कोच घाई करतात. "जोड्या करा, फेका" म्हणून स्वतः बॅटची बॅग उघडायला जातात. तुम्ही कुठेही जाऊ नका. मुलांना दोन समोरासमोरच्या ओळींत असं उभं करा, की सगळे चेंडू एकाच दिशेने जातील आणि चुकलेला चेंडू दुसऱ्या कुणाच्या डोक्यात बसणार नाही. पहिली पाच मिनिटं एक गुडघा जमिनीवर टेकवून, फक्त वीस फुटांवरून. मग उभं राहून. मग एकेक पाऊल मागे. ज्या जोडीचा कॅच सुटतोय त्यांना मागे जाऊ देऊ नका.

एक गोष्ट अगदी जवळून पाहा. मूल चेंडू धरतं तेव्हा बोटं कुठे आहेत? बेसबॉलच्या शिलाईचा एका बाजूला घोड्याच्या नालासारखा आकार दिसतो. त्या नालावर आडवी दोन बोटं, खाली अंगठा, तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी फट. लहान हाताच्या मुलाला दोन बोटांनी चेंडू पेलवत नाही, त्याला तिसरं बोट लावू द्या. असा धरलेला चेंडू सरळ जातो. कसाही पकडून फेकलेला चेंडू हवेत वळतो आणि मग आपण म्हणतो "याचा नेम नाही". मागच्या वर्षी एका मुलीचा प्रत्येक थ्रो डावीकडे वळत होता. दोन आठवडे मी तिचे खांदे सरळ करत बसले. शेवटी तिचा हात माझ्या हातात घेऊन पाहिला, तर ती चेंडू मुठीत पेरू धरावा तसा धरत होती. बोटं नालावर आणली आणि तिसरा थ्रो समोरच्याच्या छातीवर गेला. तिच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य मी विसरणार नाही.

ग्लोव्हचं एकच सूत्र सांगा. कमरेच्या वर आलेल्या चेंडूसाठी बोटं आकाशाकडे, कमरेच्या खालच्यासाठी बोटं जमिनीकडे. आणि दुसरा हात ग्लोव्हच्या शेजारी तयार.

मग प्रॅक्टिसचा गाभा, तीन ठिकाणं. बारा मुलांचे चार-चार जणांचे तीन गट आणि प्रत्येक ठिकाणी बारा मिनिटं. एका ठिकाणी ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून घरंगळत येणारे चेंडू. मोठं माणूस हाताने चेंडू घरंगळवतं, बॅटने मारत नाही, कारण हाताने दर पाच सेकंदांना एक आणि हव्या त्या वेगाने देता येतो. मुलाने पाय फाकवून, बूड खाली, ग्लोव्ह जमिनीला टेकवून चेंडू पुढ्यात घ्यायचा, वरून दुसरा हात झाकणासारखा आणायचा. दुसऱ्या ठिकाणी बॅटिंग. एक टीवर, एक बाजूने हलकेच उडवलेल्या चेंडूवर, एक चेंडू गोळा करतोय, एक हेल्मेट घालून वाट बघतोय. तिसरं ठिकाण दर प्रॅक्टिसला बदला. एके दिवशी पिचिंग, तेही ४६ फुटांवरून नाही, तीस-पस्तीस फुटांवरून पंधरा-वीस चेंडू. एके दिवशी उंच झेल, एके दिवशी बेसवर टॅग करणं, म्हणजे धावणाऱ्याला चेंडू लावून बाद करणं.

बॅटिंगच्या ठिकाणी एक नियम अजिबात मोडू देऊ नका. ज्याची पाळी आहे त्याच्याच हातात बॅट, बाकी कुणाच्याही नाही. लिटल लीगच्या मॅचमध्ये या वयाला पुढच्या बॅटरने बाहेर उभं राहून बॅट फिरवायला मनाईच आहे. प्रॅक्टिसमधले मला माहीत असलेले सगळ्यात वाईट अपघात वेगवान चेंडूने झालेले नाहीत, शेजारच्या मुलाने सहज फिरवलेल्या बॅटने झालेत.

यासाठी तीन मोठी माणसं लागतात, हे खरं. सीझनच्या पहिल्या दिवशी पालकांना सांगा, मला दोन हात हवेत, बेसबॉल येण्याची गरज नाही. लीग मैदानावरच्या मदतनीसांची पार्श्वभूमी तपासून घेते, तो फॉर्म त्यांना लगेच भरायला लावा. आणि प्रत्येकाला एका कागदावर तीन वाक्यं लिहून द्या. "चेंडू घरंगळवा. बूड खाली बघा. बाकी काही बोलू नका." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. चेंडू हवेत असताना तीन बाजूंनी तीन सूचना आल्या की मूल गोठतं.

यापुढे दहा-बारा मिनिटं सगळ्या टीमने मिळून करायची एकच गोष्ट, आणि ती मागच्या मॅचमधून उचलायची. मी मॅचला एक छोटी वही नेते. त्यात स्कोअर नसतो, फक्त जिथे मुलं गोंधळली ते लिहिते. "फर्स्टवर रनर, ग्राउंडर सेकंडबेसकडे, कुठे फेकायचं कळलं नाही." पुढच्या प्रॅक्टिसला तेवढंच. चार गोष्टी एकदम सुधारायला गेलात तर चारही राहतील.

शेवटची वीस मिनिटं खेळ. खरा खेळ, धावा मोजून, पण लहान. चार-चार जणांच्या तीन टीम करा, एक बॅटिंगला, दोन फिल्डिंगला, पिचिंग तुम्ही करा आणि चेंडू मऊ वापरा. प्रत्येक बॅटरला तीनच चेंडू. पाच मिनिटांनी बदल. मुलं आठवडाभर याच वीस मिनिटांची वाट बघतात. प्रॅक्टिस रेंगाळली म्हणून हा खेळ कापायचा मोह होईल. तो कापू नका, कापायचंच असेल तर तुमचं भाषण कापा.

आता तुमच्या क्रिकेटबद्दल. मला मराठी बाबा कोच फार आवडतात, कारण त्यांना झेलाचं प्रेम असतं. उंच चेंडू हातात मावताना हात मागे घ्यायचे, तो मऊपणा तुमच्या अंगात मुरलेला आहे आणि ग्लोव्हमध्येही तोच लागतो. दुसरी एक गोष्ट तुम्ही इथल्या अनेक बाबांपेक्षा चांगली शिकवाल, ती म्हणजे बॅकअप. थ्रो होत असताना स्टंपच्या मागे जाऊन उभं राहायचं, हे आपल्याला गल्लीत खेळताना दुसऱ्याच्या गच्चीवर चेंडू जाऊन-जाऊन शिकायला मिळालंय. नऊ वर्षांच्या मुलांच्या मॅचमध्ये बऱ्याच धावा ओव्हरथ्रोच्याच असतात. राइट फिल्डरला सांगा, फर्स्टला प्रत्येक थ्रो जाताना तू त्याच्या मागे पळायचंस. त्याला काम मिळेल, धावा वाचतील आणि गवतही वाचेल.

फोर्स आउट आणि टॅग यांतला फरक मुलांना समजत नाही, पण तुम्हाला रनआउटवरून समजावता येईल. मागून दुसरा धावणारा येतोय म्हणून ज्याला आपली जागा सोडावीच लागते, त्याला बाद करायला नुसता चेंडू हातात घेऊन पुढच्या बेसवर पाय ठेवणं पुरतं, स्टंप उडवल्यासारखं. ज्याच्यावर अशी सक्ती नाही, त्याला मात्र चेंडू असलेला हात किंवा ग्लोव्ह लावावाच लागतो. माझ्या टीममधल्या भारतीय मुलांना हे एकदा असं सांगितलं आणि त्यांनी ते बाकीच्यांना समजावलं.

काही सवयी मात्र आड येतील. बोलिंगमध्ये वाकलेलं कोपर झटका देऊन सरळ करणं हा गुन्हा आहे. इथे कोपर वाकलंच पाहिजे, खांद्याच्या उंचीवर आलं पाहिजे. सरळ हाताने पिचिंग करणारं मराठी मूल मी दरवर्षी एक तरी बघते आणि बाबा मागून "हात सरळ" असं सांगत असतात. बॅटिंगला सरळ बॅट, खाली वाकलेला पवित्रा, बचाव, हे सगळं तुम्ही विसरा. इथे बॅट खांद्याजवळून आडवी येते आणि संपूर्ण अंग फिरतं. लेट कट आणि ग्लान्स, ज्यांना आपण टाळ्या वाजवतो, ते इथे फाउल. चेंडू नव्वद अंशांच्या पंख्यातच जायला हवा. आणि चेंडू पंख्यात पडला की धावायचंच, "नो" म्हणायची सोय नाही. माझ्याकडे एक मुलगा सुंदर फटका मारून तिथेच उभा राहायचा, कारण घरी अंगणात बाबांशी खेळताना धाव घ्यायची की नाही हे तोच ठरवायचा. बॅटिंगच्या ठिकाणी प्रत्येक मुलाचा शेवटचा फटका झाला की बॅट खाली टाकून पाच पावलं पळायला लावा. बॅट भिरकावायची नाही, ठेवायची.

आता ज्याबद्दल मी सगळ्यात आग्रही आहे त्याकडे येते. मुलांचा हात.

चांगलं पिचिंग करणारं मूल टीममध्ये एखादंच निघतं आणि प्रत्येक कोचला ते प्रत्येक डावात हवं असतं. लिटल लीगने २००७ पासून पिच, म्हणजे पिचरने टाकलेले चेंडू, मोजणं बंधनकारक केलंय. ७-८ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०, ९-१० वर्षांना ७५, ११-१२ वर्षांना ८५. त्याशिवाय विश्रांतीचे दिवस आहेत. १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने दिवसात २१ ते ३५ पिच टाकले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ किंवा जास्त झाले तर चार दिवस पिचिंग नाही. ४१ किंवा जास्त पिच टाकणाऱ्याला त्या दिवशी कॅचर करता येत नाही, कारण कॅचरसुद्धा दर चेंडूला थ्रो करतच असतो. चार किंवा जास्त इनिंग कॅचर राहिलेल्याला त्या दिवशी पिचिंग देता येत नाही.

हे आकडे मॅचचे आहेत. पण कोपर मॅच आणि प्रॅक्टिस असा फरक करत नाही. शनिवारी ६० पिच टाकलेल्या मुलाला सोमवारच्या प्रॅक्टिसमध्ये पिचिंगच्या ठिकाणी पाठवलंत, तर कागदावर नियम मोडत नाही, पण विश्रांती मोडते. म्हणून माझ्या प्रॅक्टिसच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तीन-चार नावं असतात, आज ज्यांनी पिचिंग करायचं नाही त्यांची. त्यांना मी त्या दिवशी लांबचे थ्रोही देत नाही, बॅटिंगला जास्त वेळ देते.

या वयात कोपराचं हाड अजून वाढत असतं. वाढीच्या जागी हाड कूर्चेसारखं मऊ असतं आणि सतत ताण पडला की आधी तीच जागा दुखावते. मोठ्यांचं लिगामेंट ताणलं जातं, लहानांची वाढीची जागा ओढली जाते. माझ्या एका टीममध्ये ११ वर्षांचा एक मुलगा होता. शनिवारी आमच्याकडे खेळायचा, रविवारी दुसऱ्या एका टीमकडून, आणि दोन्हीकडे पिचर. आम्ही दोन्ही कोच आपापले पिच नीट मोजत होतो, पण एकमेकांना विचारत नव्हतो. मे महिन्यात तो बूट बांधताना डावा हात वापरायला लागला. मला ते दिसलं, पण मी विचारलं नाही, वाटलं असेल सवय. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला तीन महिने चेंडू फेकायला बंदी केली. त्याने दुखणं लपवलं होतं, कारण त्याला टीमला निराश करायचं नव्हतं. हे लिहितानाही मला त्रास होतो. तेव्हापासून मी प्रत्येक प्रॅक्टिसच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला एकेकट्याला विचारते, "हात कसा आहे?" सगळ्यांसमोर विचारलं तर सगळ्यांचा हात छानच असतो. आणि दुसऱ्या कुठल्या टीमकडून खेळतोस का, हे पालकांना पहिल्याच दिवशी विचारा. मेजर लीग (अमेरिकेतलं व्यावसायिक बेसबॉल) आणि यूएसए बेसबॉल या संस्थेच्या पिच स्मार्ट नावाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यात या वयाच्या मुलांनी वर्षातले किमान चार महिने फेकण्यापासून सुट्टी घ्यावी आणि साध्या फास्टबॉलवर (वेगवान सरळ चेंडू) आणि चेंज-अपवर (तशाच हालचालीने टाकलेला हळू चेंडू) भर द्यावा असं म्हटलंय. कर्व्हबॉल (हवेत वळणारा चेंडू) शिकवायचा हट्ट कुणी धरला, तर नाही म्हणा.

रडणाऱ्या मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण माझा अंदाज आहे की तो चेंडूला घाबरतो. या वयात ही भीती खरी आणि रास्त असते. बेसबॉल साधारण १४५ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, पण लागतो तेवढाच. "घाबरू नकोस" म्हणून भीती जात नाही. त्याच्या गटाला टेनिस बॉल द्या, सगळ्या गटाला द्या, त्याला एकट्याला नको. अंगावर येणाऱ्या पिचला काय करायचं हेही शिकवावं लागतं. हनुवटी खांद्यात, तोंड कॅचरकडे वळवून पाठ पिचरकडे करायची, बॅट खाली. मागे ढळायचं नाही, कारण तसं केलं की छाती आणि चेहरा उघडा पडतो. दहा फुटांवरून टेनिस बॉल पाठीवर मारून घ्यायचा खेळ करा, मुलं हसून लोळतात. लागल्यावर फार होत नाही हे अंगाला कळलं की भीती निम्मी होते. बाकीची निम्मी वेळ घेते, घेऊ द्या.

तुमच्या स्वतःच्या मुलाचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. मैदानावर तो तुम्हाला बाबा म्हणेल की कोच, हे आधी ठरवा. माझ्या मुलीने पहिल्या वर्षी "आई" म्हणायचं थांबवलं नाही आणि मीही थांबवलं नाही, पण तिच्या बॅटिंगबद्दल मी मैदानावर एक शब्द बोलायचे नाही, ते काम दुसऱ्या कोचचं. गाडीत बसल्यावर बेसबॉल बंद. तिने विषय काढला तरच.

टीममध्ये मुली असतील तर त्यांना मागे राइट फिल्डमध्ये नेऊन ठेवू नका. आपल्याच न्यू जर्सीत होबोकनमध्ये १९७२ साली मारिया पेपे नावाची मुलगी लिटल लीगमध्ये पिचिंग करत होती, तीन मॅचनंतर तिला थांबवलं गेलं, प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९७४ मध्ये लिटल लीगने मुलींना दार उघडलं. तोवर तिचं वय निघून गेलं होतं. तुमच्या पिचिंगच्या ठिकाणी सगळी बारा मुलं जायला हवीत. कुणाचा हात चांगला निघेल हे आपल्याला आधी कळत नाही.

पावसाचं एवढंच. गडगडाट ऐकू आला की लगेच गाड्यांमध्ये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मैदानावर कुणी नाही. कुणाचंही ऐकू नका.

पुढच्या गुरुवारसाठी हे करा. घरीच एका कागदावर वेळेसकट सगळं लिहा, साडेपाचला काय, पाच चाळीसला काय. तीन बादल्या, दोन टी, डझनभर व्हिफल बॉल, डझनभर टेनिस बॉल गाडीत टाका. दोन पालकांना आजच फोन करा. अर्धा तास आधी जाऊन तिन्ही ठिकाणं मांडून ठेवा, म्हणजे मुलं आल्यावर तुम्हाला सामान शोधत पाठ फिरवावी लागणार नाही. आणि बाकावर बसलेल्या एखाद्या आजी-आजोबांना पेन-कागद द्या, तुमच्या टीममधलं सगळ्यात शांत मूल दाखवा आणि रेघा मारायला सांगा. रात्री तो आकडा मला कळवा, मग पुढच्या आठवड्याचं बघू.